कोपर सांधत नाही तेव्हा

लहान मुलांच्या कोपराची जी मोडतोड पाहून आईबापांच्या काळजाचे पाणी होते, ती बहुतेक वेळा सांधते. कोपर टम्म सुजलेले, हात वेडावाकडा झालेला, बोटे थंड पडतात की काय ही धास्ती. दंडाचे हाड कोपराच्या जरा वर मोडते त्या सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चरचे हे रूप. त्यात रक्तवाहिनी आणि नस सांभाळावी लागते, नीट बसवले नाही तर हात वाकडा राहतो, पण हाड जुळलेच नाही असे सहसा होत नाही. कोपराच्या बाहेरच्या अंगाला मात्र दुसरे एक फ्रॅक्चर होते. त्यात सूज बेताची असते, मूल दोन दिवसांत रडायचे थांबते आणि एक्सरेत हाडाच्या कडेला एक पातळ पांढरी कपची सोडली तर फारसे काही दिसत नाही. 'मुका मार आहे, जरासा क्रॅक आहे' असे म्हणून त्याची बोळवण होते. आणि हेच फ्रॅक्चर तीन महिन्यांनी, तीन वर्षांनी, कधी तीस वर्षांनीही न सांधलेले सापडते.

हे पुस्तक मुख्यतः या फ्रॅक्चरविषयी आहे. आमच्या भाषेत त्याला लॅटरल कॉन्डाइलचे फ्रॅक्चर म्हणतात, आणि ते जुळले नाही की नॉनयुनियन. शेवटच्या भागात प्रौढांच्या आणि वृद्धांच्या न जुळलेल्या कोपरांचाही विचार केला आहे, पण पुस्तकाचा जीव आहे तो पाच ते दहा वर्षांच्या मुलांच्या कोपरात. कारण तिथे होणारे नुकसान टाळता येते, आणि ते टाळण्याची वेळ फार लवकर निघून जाते. पहिल्या पंधरा दिवसांत जे पाहायचे राहून गेले त्याची किंमत ते मूल मोठे होऊन कामधंद्याला लागल्यावर मोजते. मी हे पुस्तक लिहायला बसलो ते एवढ्यासाठी.

कोपर दिसायला बिजागरीचा साधा सांधा वाटतो. प्रत्यक्षात एकाच आवरणात तीन सांधे आहेत. दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकावर आतल्या बाजूला अल्ना हे कोपराखालचे हाड फिरते, बाहेरच्या बाजूला रेडियस या दुसऱ्या हाडाचे डोके टेकते, आणि रेडियस व अल्ना एकमेकांशीही सांधलेल्या असतात. रेडियसचे डोके ज्या गोल भागावर टेकते तो भाग, त्याच्या वरचा उंचवटा आणि शेजारच्या हाडाचा थोडा हिस्सा मिळून लॅटरल कॉन्डाइल होते. मूल हात पसरून पडते, सगळा भार तळव्यातून वर चढतो आणि हा तुकडा दंडाच्या हाडापासून सुटतो. मुलांच्या कोपराच्या फ्रॅक्चरमध्ये सुप्राकॉन्डायलरच्या खालोखाल याचाच नंबर लागतो आणि सहा वर्षांच्या आसपासच्या वयात ते सर्वाधिक दिसते. चिंचेचे झाड, शाळेच्या आवाराची भिंत, घरातला पलंग, नवी सायकल, पडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

आता हाच तुकडा जुळायला का कुरकुरतो? मोडलेले हाड जुळते ते मोडलेल्या जागी साकळलेल्या रक्तापासून. त्या रक्ताच्या गाठीत नव्या पेशी शिरतात, आधी मऊ सांधणी तयार होते, मग तिच्यात चुना भरतो आणि महिनोन्महिने घडण होत हाड पूर्ववत होते. मांडीचे किंवा नळीचे हाड मोडले की भोवती स्नायू असतात आणि ही गाठ जागच्या जागी राहते. लॅटरल कॉन्डाइलची चीर थेट सांध्यात उघडते. सांध्यातले वंगण त्या चिरेत शिरते आणि रक्ताची गाठ विरघळवते. गिलावा धरण्याआधीच विटांमधून पाणी वाहू लागावे, तसे हे आहे. भरीला भर म्हणून मनगट आणि बोटे मागे वळवणारे स्नायू याच तुकड्यावर उगम पावतात. प्लास्टरच्या आत मुलाने मूठ उघडली, मिटली, की प्रत्येक वेळी तुकड्याला ओढ बसते. ही ओढ वाढली तर तुकडा नुसता सरकत नाही, उलटा फिरतो. मग मोडलेल्या हाडाच्या समोर तुकड्याची कूर्चेची गुळगुळीत बाजू येते, आणि कूर्चा व हाड यांची सांधणी कधीच होत नाही.

तिसरे कारण रक्तपुरवठ्याचे आहे. या तुकड्याला रक्त मिळते ते त्याच्या मागच्या बाजूने शिरणाऱ्या मोजक्या बारीक वाहिन्यांतून. फ्रॅक्चरने त्यातल्या काही तुटतात. उरलेल्या शस्त्रक्रियेत तुटू नयेत याची जबाबदारी शल्यचिकित्सकाची. या पुस्तकात शस्त्रक्रियेच्या प्रकरणात 'मागच्या बाजूला हात लावू नका' हे वाक्य पुन्हा पुन्हा आले आहे. संपादकांनी ती पुनरुक्ती काढायला सुचवले होते. मी ती ठेवली.

एक्सरेबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण फसगत तिथेच होते. लहान मुलाचे कोपर जन्मतः बहुतांशी कूर्चेचे असते. त्यात हाडाचे ठिपके एकेक करून उगवतात: दंडाच्या हाडाचा बाहेरचा गोल भाग साधारण पहिल्या वर्षी, रेडियसचे डोके तिसऱ्या, आतला उंचवटा पाचव्या, शेजारची खोबण सातव्या, कोपराचे टोक नवव्या आणि बाहेरचा उंचवटा अकराव्या वर्षाच्या सुमारास. मुलींमध्ये हे थोडे आधी होते. कूर्चा एक्सरेत दिसत नाही. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाचा जो तुकडा प्रत्यक्षात जांभळाएवढा असतो, त्याचा एक्सरेत दिसणारा भाग म्हणजे एक गोल ठिपका आणि कडेची कपची. चीर कूर्चेतून आरपार सांध्यापर्यंत गेली आहे की मध्येच थांबली आहे, हे साध्या एक्सरेवरून खात्रीने सांगता येत नाही. मध्येच थांबली असेल तर कूर्चेचा जो पदर शाबूत आहे तो तुकड्याला धरून ठेवतो आणि फ्रॅक्चर निमूट जुळते. आरपार गेली असेल तर तुकडा आज जागेवर दिसतो आणि पुढच्या आठवड्यात सरकतो.

म्हणून समोरून आणि बाजूने घेतलेल्या दोन एक्सरेंवर थांबू नये. हात थोडा आत वळवून तिरपा एक्सरे घ्यावा, त्यात ही चीर सर्वांत स्पष्ट दिसते. त्याला वेगळे यंत्र लागत नाही, तालुक्याच्या एक्सरेवाल्याकडेही तो निघतो, फक्त चिठ्ठीवर तसे लिहावे लागते. चीर दोन मिलिमीटरपेक्षा कमी उघडलेली असेल तर शस्त्रक्रिया न करता दंडापासून तळव्यापर्यंत कच्चे प्लास्टर देता येते. पण त्या निर्णयात एक अट आहे. पहिल्या आठवड्याच्या शेवटी प्लास्टर उतरवून पुन्हा एक्सरे, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा एकदा. प्लास्टरवरून काढलेल्या एक्सरेत ती कपची दिसतच नाही. हा दुसरा एक्सरे या सगळ्या पुस्तकातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि नेमकी तीच सुटते.

ती का सुटते याचा दोष मी फक्त आईवडिलांवर टाकणार नाही. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर भागातून कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मूल गावी पडले, प्लास्टर गावी झाले आणि चौथ्या दिवशी बिऱ्हाड कारखान्याच्या तळावर पोचले, तर सातव्या दिवशी एक्सरेला कोण येणार? कोयत्यावर उचल घेतलेली असते, खाडा परवडत नाही. शहरातही वेगळे नाही. मूल दुखण्याची तक्रार करत नाही, प्लास्टर घट्ट आहे, शाळा चालू आहे, डॉक्टरांनी महिन्याने बोलावले आहे. पुष्कळदा चिठ्ठीवर खरोखरच 'चार आठवड्यांनी' एवढेच लिहिलेले असते. तिथे चूक आमच्या व्यवसायाची आहे.

हाडवैद्यांविषयीही इथेच बोलतो. त्यांच्यावर झोड उठवणे सोपे आहे आणि त्याने काही साधत नाही. हाडवैद्य जवळ असतो, कमी पैसे घेतो, रात्रीअपरात्री दार उघडतो, आणि मुलाच्या हाताला हात लावून बघतो. आमच्यापैकी पुष्कळजण आता फक्त एक्सरे बघतात. या परंपरेमागे मोठी विद्या होती. सुश्रुतसंहितेत भग्नाचे निदान आणि भग्नाची चिकित्सा यांना स्वतंत्र अध्याय आहेत. हाड मधोमध मोडण्याचे बारा प्रकार आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार त्यात वेगळे केले आहेत. तरुण हाडे वाकतात, नळीची हाडे मोडतात, हे निरीक्षण तिथे आहे. पट्टी कोणत्या ऋतूत किती दिवसांनी बदलायची हे सांगितले आहे. सैल पट्टीने सांधा स्थिर राहत नाही आणि फार आवळलेल्या पट्टीने सूज व वेदना होतात, हा इशाराही आहे. आज कामट्या आवळून बांधलेल्या हाताची बोटे काळीनिळी होऊन मूल दवाखान्यात येते तेव्हा मला वाटते, हा इशारा पट्टी बांधणाऱ्यापर्यंत पोचला असता तर बरे झाले असते.

मनगटाजवळ मोडलेला मुलाचा हात हाडवैद्याकडे चांगला जुळतो, कारण त्या वयात ते हाड बहुतेक कसेही बांधले तरी जुळते आणि थोडा वाक वाढीबरोबर सरळ होतो. त्याची ख्याती त्यातून झालेली असते आणि ती खोटी नाही. लॅटरल कॉन्डाइलच्या बाबतीत मात्र तुकडा सांध्याच्या आत असतो, फिरलेला असतो, आणि तो बाहेरून चाचपून कळत नाही. शिवाय कोपराच्या या भागात वाढीबरोबर सरळ होण्याची ताकदही थोडीच. दंडाच्या हाडाच्या लांबीत खालच्या टोकाचा वाटा जेमतेम पाचवा हिस्सा असतो. हाडवैद्यांनी कोपर तेवढे आमच्याकडे पाठवावे, बाकीच्यांबद्दल नंतर बोलू, असे मी माझ्या भागातल्या दोघातिघांना सांगत आलो आहे, आणि ते पाठवतातही.

नॉनयुनियन म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर लोंबणारा, दुखणारा हात येतो. इथे तसे काही घडत नाही. प्लास्टर निघते, पंधरावीस दिवसांत कोपर जवळजवळ पूर्ण वाकते आणि सरळ होते, मूल दप्तर उचलते, झाडावरही चढते. 'अहो डॉक्टर, हात तर चांगला चालतोय की!' हे आईचे वाक्य अगदी खरे असते. चांगला चालतोय कारण तुकडा मोकळा आहे. एक्सरेत मात्र चिरेच्या कडा गोलसर आणि पांढऱ्या होऊ लागलेल्या असतात, म्हणजे शरीराने जुळवण्याचा प्रयत्न सोडला आहे. एरवीच्या हाडांसाठी नऊ महिने होऊनही जुळले नाही आणि शेवटच्या तीन महिन्यांत काही प्रगती नाही, तर नॉनयुनियन म्हणायचा प्रघात आहे. मुलाच्या लॅटरल कॉन्डाइलसाठी इतके थांबणे म्हणजे संधी घालवणे आहे. १९७१ साली फ्लिन आणि रिचर्ड्स यांनी अगदी थोड्या सरकलेल्या, म्हणजे किरकोळ वाटणाऱ्या फ्रॅक्चरच्या नॉनयुनियनवरच निबंध लिहिला, आणि तेव्हापासून बारा आठवड्यांची रेघ साधारणपणे मानली जाते.

पुढची काही वर्षे शांततेत जातात. तुकडा हळूहळू वर आणि बाहेर सरकतो, रेडियस त्याच्या मागे जाते, आणि कोपरापासून खालचा हात शरीरापासून बाहेर झुकू लागतो. हात सरळ सोडला तर थोडा बाहेर झुकाव प्रत्येकालाच असतो, बायकांमध्ये किंचित जास्त. पण इथे एका हाताचा झुकाव वाढत जातो. कोपराच्या बाहेर टेंगूळ येते. वयात आलेल्या मुलीचे आईवडील यासाठी येतात, मुलाचे फारसे येत नाहीत. दुखत तर नाही, मग कशाला, असे म्हणून विषय मिटतो.

खरे दुखणे हाताच्या विरुद्ध अंगाला शिजत असते. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे टेबलाची कड लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तिथे अल्नर नस हाडाच्या खोबणीतून जाते. हात बाहेर झुकला की या नसेला लांबचा फेरा पडतो आणि कोपर वाकवले की दरवेळी ती ताणली जाते. दिवसातून शेकडो वेळा, वर्षानुवर्षे. पंचवीस-तीस वर्षांचा कारागीर करंगळी बधिर झाली म्हणून येतो आणि लहानपणी पडल्याचे त्याच्या ध्यानीमनीही नसते. मी त्याला एक साधा कागद देतो, अंगठा आणि तर्जनी यांच्या कडांमध्ये धरायला सांगतो आणि दुसऱ्या टोकाने ओढतो. चांगल्या हाताचा अंगठा सरळ राहतो. दुखऱ्या हाताचा अंगठा पेरातून वाकतो, कारण कागद दाबून धरणारा स्नायू संपलेला असतो आणि अंगठा दुसऱ्या स्नायूची उसनवारी करतो. मग त्याचे दोन्ही तळहात पालथे ठेवतो. एका हातावर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग भरलेला असतो, दुसऱ्यावर तिथे खळगा असतो. 'हे कधी झालं?' असे तो विचारतो. ते हळूहळू होत होते आणि दुखत नव्हते. शर्टाचे बटण लावता येईना, सुई धरता येईना, मोबाइल हातातून निसटू लागला, तेव्हा लक्षात आले.

मार लागल्यानंतर इतक्या वर्षांनी येणाऱ्या या लुळेपणाचे वर्णन पॅरिसमध्ये काम करणारे ग्रीक शल्यचिकित्सक फोटिनोस पानास यांनी १८७८ साली केले, एक्सरेचा शोध लागण्याच्या सतरा वर्षे आधी. हाड बघायची काही सोय नसताना करंगळीतल्या बधिरतेचा धागा त्यांनी कोपरापर्यंत नेला. १८९८ साली न्यू यॉर्कमध्ये फार्कर कर्टिस यांनी ती नस खोबणीतून काढून कोपराच्या पुढच्या बाजूला आणून ठेवली, म्हणजे तिचा फेरा आखूड झाला. ही शस्त्रक्रिया थोड्याफार फरकाने आजही आम्ही करतो. आपल्याकडचाही एक दुवा इथे नोंदवतो. भारतातल्या अस्थिशल्यविद्येच्या पायाभरणीत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते आणि ज्यांच्या स्मरणार्थ भारतीय अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेत व्याख्यान होते, त्या डॉ. एम. जी. किणी यांनी १९४२ साली लॅटरल कॉन्डाइलच्या फ्रॅक्चरविषयी जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट सर्जरीत लेख लिहिला होता. आपल्या देशात हा प्रश्न किती जुना आहे हे त्यावरून कळते.

ताज्या, सरकलेल्या फ्रॅक्चरचा उपाय ठरलेला आहे आणि त्यावर फारसे मतभेद नाहीत. तुकडा सांध्याच्या पृष्ठभागाशी तंतोतंत बसवायचा, बारीक तारांनी किंवा स्क्रूने धरून ठेवायचा, प्लास्टर द्यायचे, चारसहा आठवड्यांनी हाड धरल्याचे दिसले की तारा काढायच्या. यावर पुस्तकात एकच प्रकरण आहे.

वाद आहे तो उशिरा आलेल्या मुलांबद्दल, आणि पुस्तकाचा मोठा भाग त्याने व्यापला आहे. १९७५ साली याकोब, फाउल्स, रँग आणि कसाब यांनी तीन आठवड्यांनंतर केलेल्या शस्त्रक्रियांचे निकाल मांडले. तुकड्याचा रक्तपुरवठा जातो, सांधा कडक होतो, काहीच न करण्यापेक्षा फायदा दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याचा दरारा इतका बसला की पुढची बरीच वर्षे महिन्याने आलेल्या मुलाला 'आता काही करू नका, मोठा झाला की बघू' असे सांगण्याची रीतच पडली. आपल्या देशात महिन्याने, दोन महिन्यांनी येणारी मुले नेहमीचीच असल्याने हा सल्ला इथल्या शल्यचिकित्सकांना पचणे अवघड होते. १९८८ साली उशिरा केलेल्या उपचारांवर एक निबंध आला. १९९० च्या दशकात जपानी शल्यचिकित्सकांनी जुन्या, अगदी वर्षे उलटलेल्या नॉनयुनियनवरही हाड जोडण्याच्या शस्त्रक्रिया करून त्यांचे निकाल प्रसिद्ध केले.

या सगळ्यातून माझ्यापुरता जो निष्कर्ष निघाला तो पुस्तकभर पसरला आहे. उशिराच्या शस्त्रक्रियेने नुकसान झाले ते बहुतेक वेळा उशिरामुळे कमी आणि हट्टामुळे जास्त. तुकडा मूळ जागी, एक्सरेत सुंदर दिसेल असा बसवायचा म्हणून सगळीकडून सोडवला, मागच्या वाहिन्या तुटल्या, आणि हाडाचा जीव गेला. दोन-तीन महिन्यांत भोवतालचे स्नायू आखडलेले असतात, तुकड्याचा आकार वाढीमुळे बदललेला असतो, मूळची जागाही भरून आलेली असते. तो पूर्वीच्या ठिकाणी जाणारच नाही. अशा वेळी सांध्याकडच्या बाजूला हात न लावता फक्त हाडाकडची चीर खरवडायची, तिथली चिवट जाळी काढायची, कमरेच्या हाडातला थोडा चुरा भरायचा आणि तुकडा आहे त्या जागी किंवा अगदी सहज येईल तेवढा जवळ आणून एका स्क्रूने घट्ट दाबून धरायचा. चीर सांध्याच्या पृष्ठभागावर किंचित ओबडधोबड राहील, राहू द्या. हाड जुळले की वर सरकणे थांबते, हात आणखी बाहेर झुकत नाही, नसेवरचा ताण वाढत नाही. झुकाव आधीच जास्त असेल तर तो नंतर, दंडाचे हाड वरून कापून सरळ करता येतो, आणि नस त्याच वेळी पुढे आणता येते.

यात एक सौदा आहे आणि तो आईवडिलांना आधी सांगितलाच पाहिजे. मोकळा तुकडा घट्ट झाला की कोपराची थोडी हालचाल कमी होऊ शकते. जेवायला घास तोंडाशी नेणे, केस विंचरणे, अंगरखा चढवणे, या रोजच्या कामांना तीस अंशांपासून एकशे तीस अंशांपर्यंतचा पट्टा पुरतो, हे मॉरी यांनी १९८१ साली मोजून दाखवले. तेवढा पट्टा राखता आला तर शेवटचे दहा अंश गेल्याचे दुःख मुलाला होत नाही. पण जो हात आज पूर्ण चालतो तो शस्त्रक्रियेनंतर थोडा कमी चालेल हे ऐकायला तयार असलेले आईवडील थोडे. त्यांना पटवून द्यायला वेळ लागतो, दोनदा तीनदा बोलवावे लागते, आजोबांनाही बसवावे लागते. तो वेळ द्यावा.

चाळिशीच्या माणसाचे गणित निराळे. लहानपणापासून न जुळलेले कोपर, दुखत नाही, काम होते, फक्त करंगळीला मुंग्या. तिथे मी हाडाला हात लावत नाही, नसेपुरते बघतो. एक्सरे पाहून अस्वस्थ होणारे तरुण डॉक्टर विचारतात की एवढे मोठे नॉनयुनियन तसेच सोडायचे? होय, सोडायचे. तो हात त्या माणसाने पस्तीस वर्षे वापरला आहे.

प्रौढांच्या ताज्या फ्रॅक्चरनंतर न जुळलेल्या कोपरांची कारणे बरीच वेगळी. दंडाच्या हाडाचे खालचे टोक चारपाच तुकड्यांत फुटलेले, हाड ठिसूळ, प्लेटची पकड सुटलेली, कधी आत जंतुसंसर्ग मुरलेला. संसर्ग आहे का हे तपासल्याशिवाय दुसऱ्यांदा प्लेट बसवणे म्हणजे पैसे आणि हाड दोन्ही वाया घालवणे. मधुमेह आटोक्यात हवा. विडी-सिगारेटने हाड जुळायला उशीर होतो हे पक्के माहीत आहे, आणि मिश्री व तंबाखूतही निकोटीन असतेच, म्हणून मी तीही बंद करायला सांगतो. सत्तरीपुढच्या माणसाचे हाड स्क्रू धरण्यासारखे उरले नसेल तर कृत्रिम कोपर हा चांगला पर्याय आहे, पण त्या हाताने जन्मभर पाच किलोच्या वर वजन उचलायचे नाही आणि वारंवार उचलायचे तर एका किलोच्या आत. विहिरीवरून पाणी आणणाऱ्या किंवा नातवंड कडेवर घेणाऱ्या आजींना हे आधी न सांगता सांधा बदलणे बरोबर नाही.

आणि मालिश. कोपराच्या कोणत्याही दुखापतीनंतर ते चोळू नये, जोर लावून कुणी वाकवू नये, हातात पाण्याची बादली देऊन सरळ करायला लावू नये. चोळलेल्या कोपराभोवतीच्या स्नायूंत हाड तयार होते आणि सांधा कायमचा जखडतो. मूल खेळता खेळता आपले कोपर आपण मोकळे करते, त्याला काही महिने लागतात. घरातल्या मोठ्यांना हे महिने काढणे फार जड जाते याची मला कल्पना आहे.

हे पुस्तक मी तालुक्याच्या डॉक्टरांसाठी, परिचारिका आणि आशाताईंसाठी, आणि ज्यांच्या मुलाचे कोपर मोडले आहे त्या आईवडिलांसाठी लिहिले आहे. तिघांनी सगळी प्रकरणे वाचायची गरज नाही. शस्त्रक्रियेचे तपशील आईवडिलांनी वगळले तरी चालतील, एक्सरेचे प्रकरण मात्र कुणी वगळू नये. चित्रे मुद्दाम मोठी छापली आहेत आणि प्रत्येक दुखऱ्या कोपराशेजारी त्याच मुलाचे चांगले कोपर ठेवले आहे, कारण लहान मुलाचा एक्सरे वाचायचा तो तसाच, दोन हात शेजारी ठेवून. मूल दवाखान्यात नेताना पहिल्या दिवशीचा एक्सरे बरोबर न्यावा. मोबाइलवर काढलेला फोटो पुरत नाही. फिल्म गुंडाळू नये, भिंतीच्या खिळ्याला उन्हात टांगू नये, वहीत सपाट ठेवावी आणि तिच्यावर तारीख लिहावी. तीस वर्षांनी तुमच्या मुलाची करंगळी बधिर झाली, तर समोरच्या डॉक्टरांना तिचा उपयोग होईल.